आमचं तुमी मांडायचं

पालमहून परभणीला जाणाऱ्या एसटीत आमदारांसाठी राखून ठेवलेलं एक बाक असतं. त्यावर आमदार बसलेला कधी कुणी पाहिला नाही. आमदार बसतात काळ्या काचांच्या गाड्यांत, आणि त्या बाकावर बसतात बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्या, त्यांच्या पिशव्या आणि पिशवीतून मान बाहेर काढून जग बघणाऱ्या कोंबड्या. त्या दिवशी मात्र एक खराखुरा आमदार गाडीत चढला. माजी होता, ही गोष्ट वेगळी.

मुंजाजीराव ढगे दोनदा निवडून आले होते आणि तिसऱ्यांदा सपशेल आपटले होते. कंडक्टरनं त्यांना ओळखलं आणि बाकावरच्या म्हातारीला म्हणाला, "आजी, ऊठ. सायबाची जागा हाय ती."

म्हातारीनं त्यांना टोपीपासून चपलेपर्यंत न्याहाळलं. "कोण सायेब? ह्ये तर पडले की मागं!"

सगळी गाडी हसली. मुंजाजीरावही हसले आणि वरची दांडी धरून उभे राहिले. एरवी त्यांनी म्हातारीला दोन सणसणीत उत्तरं दिली असती, बोलण्यात ते कुणाला हार जाणारे नव्हते. पण आज त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. हातात मोसंबीची पिशवी होती आणि जायचं होतं ताडकळसच्या पुढं, निंबळखेडला, नागनाथ वाव्हळे गुरुजींना भेटायला.

गुरुजींच्या अंगावरून वारं जाऊन बरेच महिने झाले होते. उजवं अंग गेलं होतं आणि वाचाही गेली होती. बातमी कळली तेव्हा थंडी होती, आता उन्हाळा सरत आला होता. मधल्या काळात मुंजाजीरावांना कधी लग्न आडवं आलं, कधी गुडघा, कधी नुसताच कंटाळा. शेवटी त्यांची बायको कुसुमबाई चुलीपुढून उठून आली आणि म्हणाली, "आवो, मयतीला तर सगळेच जातेत. जित्या माणसाला भेटायला का इतकं जड जायलंय तुमाला?"

का जड जातंय, हे तिला ठाऊक नव्हतं. मुंजाजीरावांनी ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं. दारात गाडी उभी होती, पण गाडी काढली की मुलगा, राम, चालवायला बसणार. आणि रामला घेऊन त्या घरी जायचं त्यांच्या मनात नव्हतं. म्हणून एसटी.

आता ही गोष्ट नीट कळायला विधिमंडळाचं थोडं आतलं सांगितलं पाहिजे. तिथं दोन तऱ्हेची कामं चालतात. एक टीव्हीवर दिसतं, त्यात आरडाओरडा असतो, कागद फाडणं असतं. दुसरं काम समित्यांमधलं, ते कुणाला दिसत नाही. समितीत सगळ्या पक्षांचे लोक असतात, दोन्ही सभागृहांचे असतात, आणि सकाळी सभागृहात एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारे दुपारी समितीत एकमेकांना लोणचं वाढतात. अशी समिती जिल्ह्यात यायची म्हटली की भिंतींना चुना लागतो, दवाखान्यातल्या खाटांवर धुतलेल्या चादरी पडतात आणि वर्षभर तोंड न दाखवलेला डॉक्टर गळ्यात नळी अडकवून दारात उभा राहतो. लोक चेष्टा करतात, करू द्या. पण समितीनं एखादी गोष्ट अहवालात धरून ठेवली, तर मोठमोठ्या सचिवांना तिचं उत्तर द्यावं लागतं. ज्याला काम करून घ्यायचं आहे, त्यानं समितीत बसावं, हे मुंजाजीरावांना पहिल्याच वर्षी उमगलं.

उमगलं, पण फजिती होऊन. पहिल्याच बैठकीत त्यांनी पालमच्या एसटी स्टँडाच्या छपराचा विषय काढला. कोकणातले एक जुने सदस्य चष्म्यावरून बघत म्हणाले, "ढगेसाहेब, समिती राज्याची आहे, पालमची नव्हे." सगळे हसले. समितीत आपल्याच पोळीवर तूप ओढणाऱ्याला किंमत नसते. तसा नियम कुठं लिहिलेला नाही, पण लिहिलेल्या नियमांपेक्षा तो जास्त पाळला जातो.

बाहेर व्हरांड्यात वाव्हळे गुरुजी भेटले. ते विधान परिषदेवर होते, विरोधी पक्षाचे, आणि त्याच समितीत. आयुष्यभर शाळेत मास्तरकी केलेला, बारीक अंगाचा, शांत माणूस. मुंजाजीराव बागायतदाराचे थोरले, आडदांड, आवाजाचे पक्के. एकाच जिल्ह्यातले असूनही तोवर दोघांनी एकमेकांचा चहा घेतला नव्हता.

"आण्णा," गुरुजी म्हणाले, "तुमचं स्टँड मी मांडतो."

"तुमी? आमच्या इरोधात असून?"

"इरोधात हाय म्हणूनच. माझ्या तोंडून गेलं, तर ढगे आपलंच घोडं पुढं दामटायलेत असं कोण म्हणंल?"

मुंजाजीराव खदखदा हसले. "गुरुजी, तुमी तर लय पोचलेले निघालाव! मग ठरलं. आमचं तुमी मांडायचं, तुमचं आमी."

"पण एक," गुरुजी म्हणाले. "ठरलं म्हंजे ठरलं. आपलं आपण तोंडानं काढायचं न्हाई. कदीच. न्हाईतर ह्याला सौदा म्हणतेत."

असं त्या दोघांचं जमलं. स्टँडला छप्पर आलं. ताडकळसला गुरांच्या दवाखान्याला डॉक्टर आला. ओढ्यावरचा एक पूल झाला, कुठं शाळेच्या खोल्या झाल्या. सगळे विषय उलट्या तोंडांनी मांडलेले. मुलगा राम सोडला तर बाहेर कुणाला याचा पत्ता नव्हता, कारण कळलं असतं तर दोन्ही पक्षांनी दोघांच्या तोंडाला काळं फासलं असतं. नमस्कारसुद्धा त्यांचा तसाच झाला होता. भेटले की मुंजाजीराव म्हणायचे "जयभीम गुरुजी", आणि गुरुजी म्हणायचे "राम राम आण्णा". नागपूरच्या अधिवेशनात आमदार निवासाच्या जिन्यावर हा उलटा नमस्कार ऐकून लोक थबकायचे. मुंजाजीरावांना राजकारणात पुष्कळ माणसं भेटली, पण ज्याच्याकडं पाठ करून निर्धास्त बसावं असा हा एकच.

आणि मग समिती परभणीला आली.

त्या वर्षी गुरुजींच्या मनात एकच विषय होता, मुलींचं वसतिगृह. ताडकळसला बारावीपर्यंत शिकायची सोय होती, पण आजूबाजूच्या वाड्यांना एसटी मनात आलं तर यायची. दहावी झाली की पोरी घरी बसायच्या, आणि घरी बसलेल्या पोरीचं पुढं काय होतं हे सांगायला नको. निंबळखेडात गुरुजींच्या घरासमोर दत्ता नावाचा शेतकरी राहायचा. त्याची शिवकन्या दहावीला होती, वर्गात पहिली. गुरुजी त्याच्या मागं लागले होते. दत्तानं शब्द दिला होता, "परभणीला एकली धाडणार न्हाई, गुरुजी. पण ताडकळसला ऱ्हायची सोय करा, मग बारावीपतोर तिला शाळेतून कुणी उठवलं तर माझं नाव बदला."

हे सगळं गुरुजींनी मुंजाजीरावांना फोनवर सांगितलं होतं. "एवढं एक मांडा, आण्णा. गायरानाची जागा तयार हाय. सकाळच्या बैठकीत इषय निघाला, की दुपारी गाड्या जागा बघायला ताडकळसला येतील. मी शाळेत सांगून ठिवलंय."

"झालं म्हणून समजा," मुंजाजीराव म्हणाले होते. आणि म्हणाले तेव्हा ते मनापासूनच म्हणाले होते.

बैठकीच्या दिवशी सकाळी शासकीय विश्रामगृहावर पोह्यांच्या बशा फिरत होत्या. राम आला आणि वडिलांना बाजूला घेऊन म्हणाला, "आबा, वसतिगृह जिल्ह्याला एकच मिळायलंय म्हणतेत. ताडकळसला गेलं की पालमचं मेलं. अन् झेडपीच्या निवडणुका तोंडावर. त्यायच्या पक्षाची पोरं गावोगाव फटाके फोडतील."

"आरं पण मी शबूद दिलाय."

"मग मोडू नका की! ताडकळसला देऊ नका असं कोण म्हणा म्हणतंय? नुस्तं गप बसा. पुढं बघू, पालमसाठी कुणाकडून तरी मांडून घिऊ."

राम काही वाईट पोरगा नव्हता. आमदाराच्या घरात वाढलेली पोरं असा हिशेब बाळपणापासूनच करतात, त्यांना तो पाप वाटत नाही. पण मुंजाजीरावांचे केस पिकलेले होते. त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. ते काहीच म्हणाले नाहीत. गाडीत बसल्यावर ते मनाशी घोळत राहिले, की गप बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. माणसाला फसवायचं असलं की दुसरा कुणी लागत नाही, आपलं आपल्याला छान जमतं.

जिल्हाधिकारी कार्यालयाचं सभागृह गच्च भरलं होतं. समोर अध्यक्ष, दोन्ही अंगांना सदस्य, पुढं खात्याखात्याचे अधिकारी फायली उराशी धरून बसलेले. प्रत्येक सदस्यापुढं काजूची एक एक बशी होती. समाजकल्याणाचा विषय निघाला. अध्यक्ष म्हणाले, "वसतिगृहांच्या बाबतीत सन्माननीय सदस्यांपैकी कुणाला काही मांडायचं आहे?"

गुरुजींनी समोरच्या रांगेतून मुंजाजीरावांकडं पाहिलं. सहज पाहिलं, ठरलेलं घडणारच आहे अशा खात्रीनं. मुंजाजीरावांनी बशीतले दोन काजू उचलले आणि तोंडात टाकले.

तोंडात घास असताना माणूस बोलणार कसा? ते चावत राहिले. काजू केव्हाच संपला होता, तरी चावत राहिले. अध्यक्षांनी उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं. गुरुजींची नजर अजून तिथंच होती. एक शब्द, फक्त 'ताडकळस' एवढा एक शब्द ते स्वतः बोलले असते तरी चाललं असतं. कोकणातले सदस्य फार तर हसले असते. पण गुरुजींनी आपलं आपण काढायचं नाही असं कबूल केलं होतं, आणि कबूल केलेलं मोडायची त्या माणसाला सवयच नव्हती. मुंजाजीरावांना हे पक्कं माहीत होतं. त्याच भरवशावर तर ते काजू चावत होते.

"पुढचा विषय," अध्यक्ष म्हणाले.

गुरुजींनी मान खाली घातली, मास्तर करतात तसं बोट ओठाला लावून ओलं केलं आणि समोरच्या कागदाचं पान उलटलं.

पुढचा विषय ग्रामीण दवाखान्यांचा होता. आणि वाव्हळे गुरुजी उभे राहिले. पालमच्या बाया बाळंतपणाला बैलगाडीतून, जीपमधून कशा नेल्या जातात, वाटेत कुणाचं काय झालं, इमारतीची जागा असून बांधकाम कसं अडलंय, सगळं त्यांनी असं मांडलं की आरोग्याच्या अधिकाऱ्यांना घाम फुटला. आवाजात तसूभर फरक नव्हता. मुंजाजीरावांना वाटलं, आता हा माणूस थांबेल, आता बसेल. गुरुजी थांबले नाहीत. अध्यक्ष इतके हलले की म्हणाले, "दुपारी आपण पालमलाच जाऊ."

गाड्या पालमला गेल्या. हार झाले, फटाके झाले. येताना दोघं एकाच गाडीत होते. मुंजाजीराव वाट बघत होते की गुरुजी आता काहीतरी बोलतील, निदान शिवी देतील. शिवी दिली असती तर किती बरं झालं असतं! गुरुजी खिडकीतून बाहेर बघत होते. परभणी जवळ आली तेव्हा म्हणाले, "दवाखाना होईल, आण्णा. कोनशिलेवर तुमचं नाव येईल." आणि हसले.

दवाखाना झाला. कोनशिलेवर नाव आलं. मुंजाजीरावांची नातवंडं तिथंच जन्मली. वसतिगृह ताडकळसला आलं नाही आणि पालमलाही आलं नाही. परभणीतून कुणी काही मागितलंच नाही, म्हणून ते दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. पुढं गुरुजींची मुदत संपली आणि ते निंबळखेडला जाऊन राहिले. दिवाळीला त्यांचा फोन यायचा, चौदा एप्रिलला मुंजाजीरावांचा जायचा. दर खेपेला मुंजाजीराव ठरवायचे की आज बोलून टाकू, आणि दर खेपेला पावसापाण्याचं बोलून फोन ठेवायचे. काजू मात्र त्यांनी त्यानंतर तोंडात घातला नाही. लग्नाकार्यात कुणी बशी पुढं केली की ते दात दुखतात म्हणून सांगायचे.

ताडकळसला बाजार भरला होता. तिथून रिक्षानं ते निंबळखेडला उतरले. गुरुजींचं घर साधं, पुढं पत्र्याची पडवी, पडवीत खाट. खाटेवर गुरुजी उशीला टेकवून बसवलेले होते. मुळात बारीक माणूस, आता तर नुसता सांगाडा राहिला होता. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. डोळे मात्र तेच होते.

"जयभीम, गुरुजी," मुंजाजीराव म्हणाले.

पलीकडून 'राम राम आण्णा' येणार नाही, हे त्यांना माहीत होतं. तरी ते क्षणभर थांबले. गुरुजींनी डावा हात उचलला आणि त्यांचं मनगट धरलं. धरलं ते सोडलंच नाही. मुंजाजीरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

गुरुजींच्या बायकोनं, सरजाबाईंनी, खुर्ची आणली. "या आण्णा. लय दिसानं आलाव. त्यायला सगळं कळतंय बगा, फकस्त बोलता येत न्हाई. तुमचं नाव काढलं की दाराकडं डोळे लावून बसतेत."

"यायचंच म्हणायलो होतो वहिनी. राहूनच गेलं."

"ऱ्हातंय की. तुमचाबी मागं लय व्याप."

समोरच्या घरातून एक तरणी बाई आली. एका हातावर तान्हं लेकरू, दुसऱ्या हातात वाटी. तिनं लेकरू सरजाबाईंच्या मांडीवर दिलं आणि वाटीतली पातळ पेज चमच्यानं गुरुजींना भरवायला लागली. सवयीचं काम होतं. मध्येच पदरानं त्यांची हनुवटी पुसत होती.

"ही शिवकन्या," सरजाबाई म्हणाल्या. "समोरच्या दत्ताची. सासर पिंगळीकडं हाय, बाळंतपणाला आलीया. माझे हात कापायलेत, तर हीच भरवती."

मुंजाजीराव खुर्चीत अवघडले. नाव त्यांनी फोनवर ऐकलं होतं, चेहरा आज पाहिला. विशीसुद्धा नीट उलटली नव्हती पोरीची, आणि समोरच्या घरातून आणखी एक लेकरू 'आये' म्हणून हाक मारत होतं.

"तुमीच का ते पालमचे आमदार?" शिवकन्येनं विचारलं. "तवा तुमीबी हुता का समितीत? आमी लय वाट बघितली होती तुमची."

"कुठं?"

"ताडकळसच्या शाळेत की! गुरुजी म्हणले हुते, समिती जागा बघायला येणार. आमी सगळ्या पोरी इस्त्रीचे कपडे घालून मैदानात उभ्या. मला बोलायचं होतं, बाईंनी पाठ करून घेतलं होतं माझ्याकडून." ती हसली, चमचा वाटीत ठेवला आणि शाळेतल्यासारखी ताठ उभी राहिली. "सन्माननीय समिती सदस्य, आम्ही निंबळखेड आणि परिसरातील मुली आपलं स्वागत करतो. आम्हाला शिकायचं आहे. आमच्या आईवडिलांचीही ना नाही. आम्हाला फक्त ताडकळसला राहायला जागा पाहिजे." एका दमात म्हणून टाकलं आणि ती पुन्हा चमचा घेऊन खाली बसली. "अजून इसरले न्हाई बगा. दिवस मावळला तरी उभ्याच होतो. मग शिपाई आला अन् म्हणला, गाड्या पालमला गेल्या."

मुंजाजीरावांना पालमचे फटाके आठवले. त्यांना इतकी लाज वाटली की ही खुर्ची आपल्यासकट जमिनीत गेली तर बरं, असं झालं.

"मग?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"मग काय? उन्हाळ्यात लगीन झालं." तिनं चमचा गुरुजींच्या ओठाला लावला. "बाप म्हणला, गुरुजीनं शबूद पाळला न्हाई, मी कशाला पाळू? सगळं गावच म्हणायचं तवा. गुरुजी आमदार होऊन बसले, पण आपल्याच गावचं मांडायला त्यांची जीभ उचलली न्हाई. लय राग होता मलाबी. आता न्हाई ऱ्हायला. म्हाताऱ्या माणसावर काय राग धरायचा?"

"मांडलं न्हाई असं..." मुंजाजीराव बोलायला गेले आणि अडखळले. "गुरुजी काय म्हणले गावाला?"

उत्तर सरजाबाईंनी दिलं. "काय म्हणतेत? खाली मान घालून ऐकून घेतलं. दत्ता दारात उभा ऱ्हाऊन नाई नाई ते बोलला, तर ह्ये म्हणले, माझ्याच्यानं झालं न्हाई, बाबा, माफी कर. मी रातभर भांडले ह्यांच्याशी. म्हणलं, तुमी गप बसणारे न्हाईत, मला खरं सांगा. तवा कुठं सांगितलं, की ते आण्णा मांडणार होते. पण इसरले आण्णा." त्यांनी मांडीवरच्या लेकराला थोपटलं. "म्हणले, कुणाला सांगू नको. माणसाच्या मागं हजार कामं असतेत, इसरतो माणूस. उगं त्यांच्या नावाला बट्टा लागंल. आज तुमी समोर हायत म्हणून तोंडातून गेलं."

शिवकन्येचा हात थांबला. तिनं मुंजाजीरावांकडं पाहिलं, मग गुरुजींकडं, मग परत मुंजाजीरावांकडं.

म्हणजे समितीच्या बाहेरही हा माणूस त्यांचंच मांडत होता. आपल्या दारात, आपल्या गावापुढं, आपल्या बायकोपुढं. मुंजाजीरावांची बाजू त्यांच्या पाठीमागं इतकी वर्षं सांभाळली गेली होती, आणि सांभाळणाऱ्यानं त्यापायी गावात आपली आबरू घालवली होती. आता गुरुजींना बोलता येत नव्हतं. त्यांचं मांडायचं ते मुंजाजीरावांनीच. ठरलंच होतं तसं.

"तुमी मांडणार हुता?" शिवकन्येनं विचारलं. "गुरुजींचं चुकलं न्हवतं?"

"न्हाई," मुंजाजीराव म्हणाले. एवढा शब्द धडपणे निघाला. "गुरुजींचं काहीच चुकलं न्हवतं, बाई. जिम्मा माझा होता. तुझ्या बापाला सांग, साऱ्या गावाला सांग. मी सांगितलंय म्हणून सांग."

"मग? खरंच इसरला व्हता का, आण्णा?" सरजाबाईंनी विचारलं. आवाजात आरोप नव्हता. त्यांना फक्त नवऱ्याचं बोलणं खरं होतं असं ऐकायचं होतं.

गुरुजींचा डावा हात अजून मनगटावर होता. ते मुंजाजीरावांकडं बघत होते, त्या दिवशी सभागृहात बघितलं होतं तसंच. आज तोंडात काजू नव्हता. कुठला अध्यक्ष घाई करत नव्हता, पक्ष नव्हता, निवडणूक नव्हती, राम नव्हता. मुंजाजीरावांनी ओठ उघडले. समोर ती पोर बसली होती, हातात पेजेचा चमचा धरून, आणि तिला खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की आठवत होतं? की तू मैदानात उभी असताना मी चावत बसलो होतो?

"व्हय, वहिनी," ते म्हणाले. "इसरलो होतो."

"तेच म्हणायचे ह्ये," सरजाबाई समाधानानं म्हणाल्या.

शिवकन्येनं सुस्कारा सोडला. मग तिनं मान डोलावली. "जाऊ द्या. इसरतंय माणूस," ती म्हणाली. "तुमी तरी मुद्दाम थोडंच केलं असंल?" आणि उठून आत गेली, त्यांच्यासाठी चहा ठेवायला.

गुरुजींनी मनगट सोडलं. डावा हात हळूहळू वर नेला, पहिलं बोट वाकड्या झालेल्या ओठाला लावलं, ओलं केलं, आणि खाली आणून अंगावरच्या चादरीवरून उजवीकडून डावीकडं फिरवलं, जपून, जणू तिथं कागद आहे.

"काय पायजे?" सरजाबाई वाकल्या. "पाणी देऊ का? आण्णा, पाणी मागायलेत का बगा बरं."

गुरुजींना पाणी नको होतं. त्या घरात हे एकट्या मुंजाजीरावांना कळलं होतं. त्यांनी खाली वाकून तांब्या उचलला आणि वहिनींच्या हातात दिला.